पाहुणीची धास्ती

आमच्या नर्सरीत चहाला बसलं, की एक किस्सा निघतो आणि त्याच्या मागून आणखी पाच निघतात. आता हसून सांगतो हो, पण तेव्हा प्रत्येक वेळी आमची पाचावर धारण बसली होती! कारण एकच. पाहुणी.

पाहुणी म्हणजे वीतभर उंचीचं, जाड पानांचं झुडूप. लॅटिन नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून हे नाव. कोकणात समुद्राकडे तोंड केलेल्या एका कड्यावर तेवढी उगवायची. रस्त्यासाठी तो कडा फोडला. आमच्या प्रमुख मेश्राम मॅडमनी त्याआधी काही रोपं नागपूरला आणली होती. कोकणातच सांभाळलेली रोपं पुढे बुरशीने गेली. म्हणजे जगात जी काय पाहुणी उरली, ती आमच्या हिरव्या जाळीखाली!

मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एक पान जरी गेटबाहेर गेलं, तर नोकरी गेली समजा!" मी तर जाळीतून निघताना ओढणीसुद्धा झटकूनच बाहेर पडायचे.

*

पाहुणीला हवी दमट, खारी हवा. आणि आमच्याकडे मे महिना! आमचे माळी गजूभाऊ, त्यांनी कूलर लावला आणि टाकीत खडेमीठ ओतलं. मॅडम घाबरल्या, पण पानं तरतरीत झाली तशा गप्प बसल्या. आमचे ओठ दिवसभर खारट. डब्यातल्या भाजीत मीठ आहे की नाही, तेही कळेना.

मग मिठाने मोटर गंजली आणि ऐन दुपारी बंद पडली. पाहुणीने बघता बघता मान टाकली. आम्ही ओली पोती टांगली, पुठ्ठ्यांनी वारा घातला. हात भरून आले, पण थांबायची भीती वाटत होती. मी म्हटलं, "नवीन कूलरला मंजुरी लागेल." गजूभाऊ ओरडले, "कूलर दुसरा भेटन जी! पाहुणी कुठून आनाव?"

आणि त्यांनी सरळ मॅडमच्या केबिनचा कूलर उचलून आणला. मॅडमनी अख्खा उन्हाळा घामात काढला, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत.

*

एकदा जाळीचं दार उघडं राहिलं. आत जाते तर शेजारच्या वस्तीतली गाय! मी किंचाळले. वॉचमन रामटेकेकाका काठी घेऊन धावले आणि दारातच थिजले. हाकललं आणि वळताना तिने कुंड्या तुडवल्या तर? शेवटी काकांनी काठी टाकून हात जोडले.

"माय, तुले काय पायजे ते खाय, पन हे नको खाऊ वं!"

गाईने ऐकलं! कूलरची वाळ्याची ताटी मिठाने माखलेली होती. ती तिने सावकाश चाटली, मग खाल्ली आणि आली तशी निघून गेली.

*

एक दिवस गजूभाऊंची बायको तणतणत आली. "मॅडम, तुमी यायले काय शिकवून राहिल्या? घरच्या कूलरमंदी मीठ टाकते हा मानूस! साऱ्या घराले खाज सुटली!"

"प्रॅक्टिस करून राहिलो," गजूभाऊ म्हणाले.

मी पोट धरून हसले. काका मात्र हसले नाहीत. मॅडम फोनमध्ये बघत होत्या.

*

पावसाळा सरता सरता पाहुणीच्या पानांवर काळे ठिपके दिसले. कोकणात आली होती तीच बुरशी. औषधं मारली, कुंड्या लांब लांब ठेवल्या. रोज सकाळी दार उघडायची भीती वाटायची. एका सकाळी शेवटची कुंडीही काळी पडली.

मॅडम मातीतच बसल्या. "कडा गेला, आता हीही गेली. माझ्या हातून संपली." मला रडू आवरेना.

गजूभाऊ खाली बघत म्हणाले, "मॅडम, कामावरून काढसान तं काढा. एक फांदी माह्या घरी हाय. सारं बुडन, असं लई भेव वाटे."

मॅडमनी झटकन मान वर केली. "जिवंत?"

"फुटून राहिली."

काका खाकरले. "माह्या घरीबी हाय जी. अन् एक काटोलले पोरीकडं धाडली."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझ्या बाल्कनीत तीन आहेत."

मग तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

"मी नाही नेली," मी म्हटलं.

"काहून जी?" गजूभाऊंनी विचारलं.

"नियम होता ना!"

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही इतक्या बेफिकीर असाल, असं वाटलं नव्हतं!"