दत्तूने हातात दिलेली सुरी

लेखन हा माझा प्रांत नव्हे. साठी उलटलेल्या निवृत्त सैनिकाने आता लिहू पाहणे हे धाडसच आहे. वाचकांनी ते पोटात घालावे.

त्या हिवाळ्यात आमची तुकडी उत्तरेत, बर्फातल्या एका पोस्टवर होती. मी हवालदार, कुर्डुवाडीचा. नाईक दत्तू जवळच्याच केमचा, लोहाराच्या घरातला. मी बी.ए. झालेला, म्हणून तो मला मास्तर म्हणे. सुट्टीत घरच्या भात्यावर त्याने एक सुरी घडवून आणली होती. पाते ट्रकच्या कमानपाट्याचे, मूठ बाभळीची, आणि ती फुटू नये म्हणून पात्याशी तांब्याची शेंबी, म्हणजे मुठीवर घट्ट बसवलेले कडे. तांबे त्याच्या आईच्या फुटक्या घंगाळाचे.

कुकहाउसमध्ये तो सुरी कधी हातात देत नसे. फळीवर ठेवी, आपण उचलायची.

"हातात दिली की माया तुटती, मास्तर."

"शिकलेल्या माणसाला हे सांगतोस?"

"तुमी शिकलाय लई, पण कांदा जाडच चिरताय की!"

एका सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सज्ज पहारा, संपवून मी तंबूत शिरलो आणि वरून हिम घसरले. तंबू अंगावर कोसळला. ओले कॅनव्हास तोंडावर बसले, श्वास मिळेना. बाहेर कोणीतरी हातांनी बर्फ उकरत होते. कडेखालून एक हात आत आला आणि बाभळीची मूठ माझ्या तळव्यात दाबली गेली.

"फाडा, मास्तर!"

मी फाडले. बाहेर आलो तेव्हा दत्तू पलीकडच्या तंबूकडे धावत होता. हिम पुन्हा घसरले, ते त्याच्यावर.

रेडिओवर मीच बोललो. "एक जवान मिसिंग. ओव्हर."

"तलाश जारी रखो. आउट."

दुपारी तो सापडला. हातांत मोजे नव्हते.

असल्या समजुती मी मानत नाही. तरी सुरी त्याने हातात दिली आणि मी ती घेतली, हे मनातून जाईना. सुट्टी मिळताच केमला गेलो. त्याच्या आईसमोर सुरी जमिनीवर ठेवली आणि घडले ते सांगितले, हातात दिल्याचेही.

त्यांनी ती उचलली. शेंबीवर अंगठा फिरवला. "ह्ये माजं घंगाळ." मग पदराने पुसून मूठ सरळ माझ्या तळव्यात ठेवली.

"मावशी, खाली ठेवा."

"असू दे. कांदा चिर. जेवून जा."

आजही मी दर महिन्याला केमला जातो. मावशींना आता नीट दिसत नाही. चिरलेला कांदा बोटांनी चाचपून त्या म्हणतात, "दत्तू सांगायचा त्येच खरं. जाडच चिरतूस."

तुम्हीच सांगा, माया तुटली का?