कोंबड्यांच्या बंड्या

टेलरमास्तरांकडे कपडा शिवायला टाकला की सरकारवरचं एक भाषण फुकट मिळायचं. त्यातही संशोधन हा त्यांचा खास विषय. शहराबाहेर सरकारी संशोधन केंद्र होतं. "तिथे पगारी माणसं बेडकांची नाडी बघत बसतात," मास्तर मशीन थांबवून सांगायचे, "आणि पैसे कोण भरतं? तुम्ही-आम्ही!" शेजारचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच वाळत ठेवून दारात यायचा आणि म्हणायचा, "अगदी बरोबर, मास्तर."

मास्तरांची दुसरी ख्याती वाढत्या मापाची. त्यांनी शिवलेला शाळेचा सदरा पोराच्या अंगावर पहिल्या वर्षी तंबूसारखा दिसायचा, दुसऱ्या वर्षी सदऱ्यासारखा, आणि तिसऱ्या वर्षी धाकट्याला जायचा. आया खूश होत्या. लहान माप दिसलं की मास्तरांची कात्री आपोआप चार बोटं लांबून फिरायची.

एक दिवस त्या केंद्रातल्या संशोधक बाई दुकानात आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांना डझनभर बंड्या शिवून हव्या होत्या.

"कोणासाठी?"

"कोंबड्यांसाठी."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. सलूनवाला दारात होताच.

बाईंनी न चिडता समजावलं. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांची हाडं ठिसूळ होतात. पाठीवर थोडं वजन घेऊन रोज चालल्या तर ती बळकट होतात का, ते त्यांना बघायचं होतं. म्हणून बंडीला दोन बाजूंना दोन खिसे, आणि खिशांत छर्रे.

"मग होतात का बळकट?"

"ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते, मास्तर?"

बाई माप देऊन गेल्या. "इस्त्री करून देणार का?" सलूनवाल्याने विचारलं. "कॉलर ठेवा बरं का, सरकारी कोंबडी आहे."

हूक लावायचं काम मास्तरांच्या बायकोकडे असायचं. ती म्हणाली, "सरकारचा पैसा पाण्यात चाललाय म्हणत होतात. आता आपल्याकडे वळला तर पाणी आटलं वाटतं?"

"काम ते काम," मास्तर म्हणाले आणि कात्री उचलली.

टेलरच्या रीतीप्रमाणे 'उद्या या, उद्या या' करत बंड्या तयार झाल्या त्या अगदी शेवटच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात समिती येणार होती. कोणतं काम चालू ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं हे ती ठरवणार होती. जनतेच्या पैशाचं काय होतं ते जनतेलाही बघू दे, म्हणून फाटक सगळ्यांना खुलं होतं. मास्तरांनी दुकान बंद ठेवलं. बायको आणि सलूनवाला यांना घेऊन ते मजा बघायला निघाले.

जाळीच्या आवारापुढे समिती खुर्च्यांवर बसली होती. बाईंनी खुराड्याचं दार उघडलं. पहिली कोंबडी बाहेर आली आणि तिची बंडी फिरून पोटाखाली गेली. ती खाली बसली. दुसरी दारातच बसली. तिसरीचा पाय बंडीच्या मुंढ्यात, पंखासाठी ठेवलेल्या भोकात, शिरला. ती एका पायावर उभी राहून सगळ्यांकडे रागाने बघू लागली. लोक पोट धरून हसले.

"मास्तर, तुमचंच खरं निघालं!" सलूनवाला ओरडला.

मास्तरही हसत होते. मग त्यांची नजर त्या मुंढ्यावर गेली आणि हसू तोंडातच राहिलं.

"ढगळ झालंय," ते हळूच बायकोला म्हणाले.

"आत्ता दिसलं? कापताना मी म्हटलं होतं, म्हातारी कोंबडी आणखी किती वाढणार? तर म्हणालात, तू हूक लाव."

तिकडे अध्यक्षांनी पेन उघडलं होतं. "बाई, या तर चालतच नाहीत. मग प्रयोग बंद करायला हरकत नाही ना?"

"वजन जास्त झालं असेल, साहेब. माझी चूक असेल. थोडी मुदत मिळाली तर..."

"मुदत जनतेच्या पैशातून मिळते."

बाईंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि मान वळवली. बंड्या कोणी शिवल्या ते त्यांनी सांगितलं नाही.

"बोला की आता," बायको म्हणाली. "एरवी तर तोंड मिटत नाही."

"हळू बोल. सलूनवाला इथेच आहे."

"असू दे. तुमच्या चार बोटांपायी त्या पोरीचं काम बंद पडतंय."

अध्यक्षांनी लिहायला सुरुवात केली. एका पायावरची कोंबडी दुसरा पाय सोडवायला धडपडली आणि तोंडावर आपटली. मास्तरांना ते बघवेना.

"साहेब, लिहू नका!" ते पुढे झाले. "कोंबडीचा दोष नाही, बाईंचाही नाही. शिलाई माझी आहे. मी वाढत्या मापाने शिवलंय."

मग मागून आवाज आला, "कितवीत आहे हो कोंबडी?"

आता पुन्हा जे हसू उसळलं ते मास्तरांवर होतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सलूनवाला तर जाळीला धरून हसत होता. मास्तरांनी कोणाकडे न बघता खिशातला सुई-दोरा काढला. बायकोने कोंबडी काखेत घट्ट धरली. कोंबडीने मास्तरांच्या अंगठ्याला चोच मारली, पण त्यांनी बंडीला दोन्ही बाजूंनी चुण्या घालून टाके मारले.

खाली सोडल्यावर कोंबडी थोडा वेळ विचारात उभी राहिली. मग अंग झटकून थेट अध्यक्षांकडे चालत गेली आणि त्यांच्या बुटाची नाडी ओढू लागली.

"चालली खरी," पाय मागे घेत अध्यक्ष म्हणाले. "पण हाडं बळकट होतात कशावरून?"

"अजून कशावरूनच नाही," बाई म्हणाल्या. "कळायला वर्ष लागेल. कदाचित होणारही नाहीत."

अध्यक्षांनी हताशपणे लोकांकडे पाहिलं.

"साहेब," मास्तर म्हणाले, "आज तुम्ही कोंबडी बघितलीच नाहीत. माझा ढगळ कपडा बघितलात. त्यावरून तिचा निकाल लावू नका. आणि जनतेला विचारायचं असेल, तर मीही जनताच आहे. द्या वर्षभर."

अध्यक्षांनी शेजारच्या दोघांशी कुजबुज केली, लिहिलेली ओळ खोडली आणि वर्षाची मुदत दिली.

परतताना बाकीच्या बंड्यांचं गाठोडं मास्तरांच्या काखेत होतं. दुरुस्ती अर्थातच फुकट. बातमी शिळी होऊ नये म्हणून सलूनवाला पुढे झपाझप चालला होता.

"मग आता संशोधनावर बोलणं बंद का?" बायकोने विचारलं.

"बंद कशाला? बोलणार. वर्षभर फक्त कोंबड्या सोडून."

"आणि वर्षाने हाडं नाही बळकट झाली तर?"

"तो बाईंचा विषय," मास्तर म्हणाले. "फिटिंगबद्दल मात्र कोणी ब्र काढायचा नाही."