पायाशी हिरवा दिवा

भोईवाड्यात एका चाळीच्या पूजेला आमचा ऑर्केस्ट्रा होता. आमचा बास गिटारवाला आजारी पडला, म्हणून कुणीतरी एका वयस्क काकांना पाठवलं. त्यांनी पायाशी इफेक्ट्सचं मशीन मांडलं. पन्नास तऱ्हेचे आवाज काढणारं महागडं धूड, पण त्यातला एकही आवाज त्यांनी लावला नाही. वर प्रत्येक गाण्यात माझ्या कीबोर्डवरच्या डाव्या हाताकडे टक लावून बघत राहिले. माझं डोकंच फिरलं.

मध्यंतरात मी म्हणालो, "काका, एखादा इफेक्ट तरी लावा की."

ते चहा पीत राहिले. मी पुन्हा, ओरडून म्हणालो.

"इफेक्ट घेऊन काय करू रे?" ते थकल्या आवाजात म्हणाले. "यात दिवा आहे. तार सुरात लागली की हिरवा होतो. वीस वर्षं मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढली. मिल संपात गेली, कान त्याच्या आधीच गेले. पट्टी बदलली की तुझ्या हातावरून कळते. बोलू नको कुणाला. कामं बंद होतील."

दुसरा भाग सुरू होण्याआधी मी कीबोर्ड त्यांच्याकडे तिरका वळवला आणि डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली.