स्पीकरच्या मापाची पेटी आणि फिलोमिनाबाई

फिलोमिनाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्यावर रागावलेल्या होत्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सातिवलीला माझा सुतारकामाचा गाळा होता. बाई वसईतल्या शाळेत विज्ञान शिकवत आणि शाळा सुटल्यावर यजमानांच्या लाउडस्पीकरच्या धंद्यात लक्ष घालत. त्यांच्यासाठी मी बासच्या स्पीकरची पेटी केली होती. बाईंनी तिच्या पाठीवर मूठ मारली आणि पेटी दणदणली.

"भाऊ, हे कपाट झालं. आत आडव्या पट्ट्या मारा. पेटीनं स्वतः गायचं नसतं."

मनातून मी खट्टू झालो, पण पट्ट्या मारल्यावर आवाजातला फरक मलाच कळला. पुढे त्यांच्या सगळ्या पेट्या मीच केल्या. स्पीकरला त्याच्याच मापाची पेटी हवी, पेटीच्या तोंडातली नळीसुद्धा त्याच्याच मापाची हवी, नाहीतर खालचे सूर नुसते घुमतात आणि गाणाऱ्याचे शब्द गिळतात, हे त्यांनी मला शिकवलं.

या आग्रहाची खरी परीक्षा गावच्या सणाला झाली. दोन पिढ्यांना गाणं शिकवलेले इनासमास्तर गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथमच गाणार होते. आवाज अगदी बारीक झाला होता. "शब्द पोचले नाहीत तर पुन्हा उभा राहणार नाही," असं त्यांनी बाईंना सांगून ठेवलं होतं. आणि नेमका त्याच दुपारी, चाचणी चालू असताना, बासचा स्पीकर जळाला. दुकानात मिळाला तो दुसऱ्या बनावटीचा. तो जुन्या पेटीत बसवला आणि मंडपाचे पत्रे थरथरायला लागले. माइकवरचं बोलणं कुणाला कळेना. पोरं मात्र खूश!

सण भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, दणका मस्त आहे. राहू द्या आता."

"दणका आहे हो. पण त्यात मास्तर कुठे आहेत?"

बाईंनी पेटी उताणी ठेवायला लावली, स्पीकरच्या कागदी पडद्यावर तांदळाचे दाणे टाकले आणि सूर खालीवर करणारं आपलं छोटं यंत्र जोडलं. दाणे उड्या मारू लागले. एका सुरावर मात्र ते जवळजवळ शांत झाले आणि नळीतून जोराचा वारा आला. "हा पेटीचा सूर. या स्पीकरला तो फार वर आहे. नळी लांब हवी."

शेजारच्या वाडीतून पंपाच्या प्लास्टिक पाइपचा एक तुकडा मिळाला. एकच. तो लावला तर सूर जास्तच खाली गेला. मग करवत माझ्या हातात आली. मंडपात माणसं जमत होती, अध्यक्ष घड्याळ बघत होते.

"अर्धं बोट आणखी."

"बाई, जास्त कापलं गेलं तर दुसरा पाइप नाही."

"म्हणून तर हळू कापा म्हणते."

पुन्हा जोडायचं, पुन्हा दाणे बघायचे. अखेर त्यांना हव्या त्या सुरावर दाणे बसले. "पुरे. पक्का करा."

मास्तर उभे राहिले. पहिली ओळ बारीक आली, पण खाली गिटारचा बास नीट धरून होता आणि मागच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. दुसऱ्या कडव्यात त्यांचा आवाज फाटला. ते थांबले. मी घाबरून आवाज वाढवायला गेलो, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबा. लोक ऐकतायत."

खरंच, खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता. मास्तरांनी श्वास घेतला आणि कडवं पुन्हा उचललं. पुढे कितीतरी सण ते गायले.

काही वर्षांनी करवतीनं माझा उजवा हात दुखावला. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. बाई गाळ्यावर आल्या, म्हणाल्या, "पेट्या तुम्हीच करा, मला घाई नाही," आणि हात बरा होईपर्यंत दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर येऊन फळीचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. माझं घर तेव्हा त्यांच्यामुळे सावरलं. हे त्या कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. देवानं त्यांना ठणठणीत तब्येत आणि पुष्कळ आयुष्य द्यावं. मंडपात मागे उभ्या राहून "शब्द कळत नाहीत!" असं ओरडणारा त्यांचा आवाज आम्हाला अजून खूप वर्षं ऐकायचा आहे.