नानांची पानफुटी

आयुष्यात मी एकच भाषण केलं, आणि तेही एका झाडाच्या बाजूने.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आमच्या परळच्या चाळीतले शेजारी नाना तुरुंगात गेले. जाताना त्यांनी आपली पानफुटी माझ्या हवाली केली. एका गडाच्या कड्यावरून, कपारीतून स्वतः काढून आणलेली, जाड पानांची!

"तू कॉलेजात झाडंच शिकतेस ना? हिला पाणी जवळजवळ नकोच. दगडावर वाढलीय. बाकीच्यांना सांग."

(बाकीच्यांना! दूधवाल्यालासुद्धा मी मानेनेच हो-नाही सांगायची.)

चाळीत सकाळी नळ येण्याआधी हंडे-कळश्या रिकाम्या करायच्या. कालचं पाणी शिळं. पण मोरीत फेकलं तर पाप, म्हणून ते झाडांना. एरवी ते सगळ्या तुळशींत वाटलं जाई. आता मात्र नाना तुरुंगात, आणि त्यांचं झाड तहानलेलं? अख्खा मजला कळश्या घेऊन पानफुटीकडे लोटला!

मी रोज तिच्याजवळ उभी राहून तोंड उघडायची. समोरच्या काकू "बरं नाही का गं?" विचारत आणि कळशी उपडी करत. कुंडी घरात लपवली, तर आत्याने उन्हासाठी ती पुन्हा गॅलरीत नेली. खोड काळं पडलं, पानं गळू लागली.

"बघ," आत्या म्हणाली, "पाणी कमी पडतंय."

एक धड पान उरलं होतं. ते मी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात लपवलं. त्यानंतर नाना सुटल्याची बातमी आली आणि माझी झोप गेली.

चाळीने सत्कार ठेवला. नानांनी गळ्यातले हार काढायच्या आत विचारलं, "माझी पानफुटी?" सगळे माझ्याकडे वळले. मी पुस्तक उघडलं. पानाच्या कडेला इवलीइवली रोपं फुटली होती!

नानांनी तिथल्या तिथे एक रोप नव्या कुंडीत लावलं आणि मला टेबलापाशी उभं केलं. "आता तूच सांग सगळ्यांना."

आत्याने पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. मी त्याला हातही लावला नाही.

"झाडाला," मी म्हणाले, "पाणी घालू नका."

टाळ्या पडल्या. काकूंनी डोळे पुसले. आत्या कौतुकाने सगळ्यांना म्हणाली, "शिकल्याचा उपयोग होतो हो." मग टेबल आवरताना तिने माझा भरलेला पेला उचलला आणि वाया जायला नको म्हणून कुंडीत ओतला.

मी पाहिलं. पण बोलणार कशी? माझं भाषण संपलं होतं.