मार्जरीला कुणी हाक मारायची नाही

ट्रामच्या थांब्यावरून मार्जरी थ्रेलफॉलचं दार दिसतं, पण तिला तिथवर पोचायला अर्धी सकाळ लागते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवूडमध्ये तिला ओळखत नाही असं माणूस नाही. आयुष्यभर तिने ट्रामवर कंडक्टरकी केली. कुणाचं पोर शाळा बुडवून ब्लॅकपूलच्या जत्रेला निघालंय आणि कुणाच्या अंगावर धाकट्या बहिणीचा कोट आहे, हे तिला तिकीट फाडता फाडता कळायचं. निवृत्त झाल्यावरही ती रोज सकाळी थांब्यापाशी जाऊन वर्तमानपत्र आणते. येताना चिप्सच्या दुकानातली ब्रेंडा काच पुसता पुसता ओरडते, "बरं आहे ना, मार्ज?" खाटीक दारात येऊन ओरडतो. मी खिडकीतून हात हलवते.

मार्जरीच्या घरासमोरचा वॉल्टर रिमर एकटा तेवढा गप्प. मार्जरी आली की तो कुंपणाची मेंदी कातरायला लागतो, मेंदी वाढलेली असो की नसो. बरीच वर्षं हे असंच चाललंय. कारण कुणाला ठाऊक नाही. खाटीक म्हणतो, तिने त्याला कधीतरी ट्राममधून खाली उतरवलं होतं. ब्रेंडा म्हणते, चर्चच्या गाण्यांच्या मंडळात काहीतरी बिनसलं. मी एकदा मार्जरीलाच विचारलं. "त्याला विचार," म्हणाली आणि चहात बिस्किट बुडवलं.

समोरच्या कार्डवेलांची टॅमझिन तिच्याकडे आली ती कॉलेजच्या कामासाठी. मीडिया हा विषय तिने घेतला होता आणि परीक्षेसाठी एका न बनलेल्या भुताखेतांच्या, भीतीच्या सिनेमाची फक्त सुरुवातीची दोन मिनिटं बनवायची होती. त्याआधी संशोधन. पोरगी घरोघर फिरून विचारत होती, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

मी म्हटलं, "बेल वाजते, दार उघडावं तर कुणी नसतं, त्याची."

मार्जरी म्हणाली, "दातांच्या डॉक्टरची. अजून काय?"

"मुखवटा घालून जंगलात कुणी मागे लागलं तर?"

"अगं पोरी, जंगलात जातंय कोण? इथे झाडं किती आहेत ती मोज आधी."

टॅमझिनचा चेहरा पडला. वर्गातले झाडून सगळे तोच मुखवटेवाला काढत होते. सरांनी सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत स्वतःचं काही पटण्यासारखं आणलंस तर एकटीने कर, नाहीतर मुखवटेवाल्यांच्या गटात जा. त्या गटात तिला झाडामागे उभं राहून टॉर्च धरायचा होता. सरांची अट एकच होती. दोन मिनिटं संपताना बघणाऱ्याच्या मनात एक प्रश्न राहायला हवा, आणि त्याचं उत्तर द्यायचं नाही.

मग तिने चौकटी आखून चित्रं काढली. एकटी म्हातारी बाई, सुनसान रस्ता, मागे कुणाची तरी पावलं. बाई म्हणून मार्जरी.

बुधवारी सकाळी फोनच्या कॅमेऱ्यासमोर तालीम झाली. मी दारातून बघत होते. मार्जरी घाबरून चार पावलं टाकते न टाकते तोच ब्रेंडा ओरडली, "बरं आहे ना, मार्ज? पाय दुखतोय का? अशी काय चालतेयस?"

"घाबरलेय गं मी!"

"कशाला?"

"मला काय माहीत! हिला विचार."

पुन्हा सुरुवात. या वेळी खाटीक. मग पोस्टमन थांबून गुडघ्याची चौकशी करायला लागला. टॅमझिन फुटपाथवर बसकण मारून म्हणाली, "अख्ख्या गावातली सगळ्यात जास्त ओळखीची बाई मी एकाकी म्हणून घेतली. काय डोकं आहे माझं!"

मार्जरी तिच्या शेजारी उभी राहिली. "अगं, रडतेस काय? एकानेही हाक न मारता मला घरी जाऊ दिलं ना, तर मीच घाबरेन."

पोरीने मान वर केली. मग उठून आधी ब्रेंडाच्या दुकानात शिरली.

संध्याकाळपर्यंत गल्लीत निरोप फिरला. उद्या सकाळी मार्जरीला कुणी हाक मारायची नाही. ती दिसली की ब्रेंडाने पाठ फिरवायची, खाटकाने दार लावायचं, मी पडदा ओढायचा. टॅमझिन वॉल्टरकडेही निघाली होती, पण मार्जरीने तिला अडवलं. "त्याला कशाला सांगतेस? त्याची तालीम कधीच झालीय."

गुरुवारी ढग होते, वारा होता. टॅमझिन फोन घेऊन स्वतःच्या दाराआड लपली आणि मार्जरी वर्तमानपत्र बगलेत धरून निघाली. ब्रेंडाने पाठ फिरवली. मार्जरी सवयीने तिकडे बघून हसली आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. खाटकाचं दार लागलं. ती पुढे आली, माझ्या खिडकीकडे बघितलं आणि मी पडदा ओढला. खोटं आहे हे मला ठाऊक होतं, तरी एक फट राहू दिली. फटीतून बघितलं, तर मार्जरीची चाल मंदावली होती. बुधवारी किती सांगून जे जमलं नव्हतं, ते आता आपोआप होत होतं.

वॉल्टर कुंपणापाशी होता. कातरीचा आवाज थांबला. त्याने ब्रेंडाच्या दुकानाकडे बघितलं, खाटकाच्या बंद दाराकडे बघितलं, माझ्या पडद्याकडेही. मग डोक्यावरची टोपी काढली.

"मार्जरी," तो म्हणाला. "बरं आहे ना?"

मार्जरी जागच्या जागी थांबली. ज्या बाईने भरल्या ट्राममध्ये दारुड्यांना गप्प बसवलं, तिने एवढ्याशा प्रश्नापासून पळ काढला. ती भराभर दारापाशी गेली, किल्ली लावली, वळून एकदा मागे बघितलं आणि आत गेली.

टॅमझिन माझ्याकडे धावत आली. "बिघडवलं ना त्यांनी! आता कोणी बोलायचंच नव्हतं!"

"दाखव तर," मी म्हटलं. आम्ही दोघींनी फोनवर ते बघितलं. मग पुन्हा बघितलं. टॅमझिनने नखं खायची थांबवली.

शुक्रवारी तिने सरांना तेच दाखवलं, जसंच्या तसं. संध्याकाळी मार्जरी आणि मी तिच्या स्वयंपाकघरात चहाला बसलो असताना टॅमझिन धापा टाकत आली.

"सरांनी पास केलं! एकटीने करायचं! आणि अख्खा वर्ग मागे लागलाय, सगळे तिला टाळतात आणि तो एकटाच का बोलतो? मार्ज आंटी, सांग ना, का बोलला तो?"

"तुमच्या सरांनी उत्तर द्यायचं नाही म्हटलंय ना?"

"सिनेमात नाही द्यायचं! मला तरी सांग!"

मार्जरीने कप खाली ठेवला. खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, आरशात बघून केस सारखे केले.

"ते मलाही जाणून घ्यायचंय," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून वॉल्टरच्या कुंपणाकडे निघाली.

टॅमझिनचा हात फोनकडे गेला. मी तो धरला. मग आम्ही दोघी खिडकीशी गेलो आणि पडदा जरासा बाजूला केला.