कागदावर नसलेला शब्द

सकवारबाई बंगळुराच्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. पलीकडचा माणूस तमिळमध्ये तडकला तर त्या तमिळमध्येच त्याला शांत करायच्या. कन्नड, हिंदी, इंग्रजीही तशीच तयार. घरात मात्र मराठी. तीही इथली, पिढ्यान्‌पिढ्या कन्नड मुरलेली.

नवरा लवकर गेला. एकुलती मुलगी कौशल्या शाळेत गणित शिकवायची. लग्न तिनं केलं नाही. मायलेकी मल्लेश्वरमात राहायच्या.

त्र्याण्णव साली सकवारबाईंना विसर पडू लागला. आधी इंग्रजी गेली, मग तमिळ. एके दिवशी दारातल्या फूलवालीकडे बघून त्यांनी विचारलं, “ही काय बोलते गं? मेलीचं एक अक्षर कळत नाही.” फूलवाली वीस वर्षं त्याच दारात कन्नडमध्ये बोलत होती.

त्यात मधुमेह जुना. पूर्वी त्या स्वतःचं इन्शुलिन स्वतःच टोचून घ्यायच्या. आता सुई दिसली की कौशल्याचा हात झटकायच्या. “मला मारायला आलीस?” जेवून उठल्या की घटकाभरानं शेजारी सांगायच्या, सकाळपासून उपाशी ठेवलंय. साखरेचे डॉक्टर म्हणाले, “पथ्य पाळायला लावा.” मेंदूचे डॉक्टर म्हणाले, “साखरेचं त्या डॉक्टरांनाच विचारा.” दोघांच्या चिठ्ठ्या घेऊन कौशल्या बसस्टॉपवर उभी राहायची.

पंच्याण्णवच्या ऑगस्टमध्ये आईला आंघोळ घालताना तिला वास आला. डाव्या पायाच्या बोटांमध्ये काळी जखम होती. चपलेचा खिळा वर आला होता आणि सकवारबाई कितीतरी दिवस त्याच चपलेतून घरभर हिंडत होत्या. मधुमेहानं पाय बधिर झाला होता. थोडंफार दुखलं असेल, तर ते सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं.

इस्पितळात सर्जन म्हणाले, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. कौशल्या आईजवळ बसली.

“आई, पाय काढायचा म्हणतात.”

“कुणाचा गं?”

“तुझा.”

सकवारबाईंनी थोडा विचार केला. “दुखेल का, विचार त्यांना,” म्हणाल्या. आणि लगेच खिडकीकडे बघत राहिल्या. सही कौशल्यानं केली.

ऑपरेशननंतरच्या वॉर्डात चार ते सहा सोडून कुणाला थांबू देत नव्हते. कौशल्यानं नर्सला विनवलं, “सिस्टर, तिला आता कन्नड समजत नाही. मला राहू द्या.”

“टेलिफोनात होत्या म्हणता, आणि कन्नड येत नाही?” नर्सला खरंच पटेना. चाळीस खाटांना नर्स दोघीच होत्या. “नियम आहे, अक्का. मी तरी काय करू?”

मग कौशल्यानं वहीचं पान फाडलं. ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘लघवीला’, ‘भूक’ असे आठ मराठी शब्द कन्नड लिपीत लिहिले, समोर अर्थ लिहिला आणि कागद खाटेवरच्या भिंतीला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी चारला ती आली तेव्हा आईचे दोन्ही हात बँडेजनं खाटेच्या दांड्यांना बांधलेले होते.

“दोनदा सलाइन उपसलं त्यांनी,” नर्स म्हणाली. तिचा चेहराही उतरला होता. “सकाळपासून ‘सोड, सोड’ म्हणतायत. तुमच्या कागदावर तो शब्द नाही. म्हणजे काय, अक्का?”

कौशल्यानं अर्थ सांगितला. नर्सनं एक हात सोडला, कौशल्यानं दुसरा. सहा वाजता दोन्ही पुन्हा बांधावे लागले.

घरी आल्यावर खरे हाल सुरू झाले. पाय नाही हे सकवारबाईंच्या लक्षात राहत नसे. सकाळी जाग आली की त्या उठायला जायच्या आणि पडायच्या. सुरुवातीला कौशल्या खरं सांगायची. आई ब्लँकेट बाजूला करून बघायची आणि नव्यानं हंबरडा फोडायची. रोज. अखेर कौशल्या म्हणू लागली, “पायाला मुंग्या आल्यात, आई. स्वल्प थांब.”

नकली पाय बसवणाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, चालायला शिकावं लागतं, आणि शिकलेलं आठवावं लागतं.

गुंगीची गोळी दिली की आई झोपून राहायची, जेवायची नाही आणि साखर उतरून घामानं भिजायची. गोळी बंद केली की उठायची आणि पडायची. कौशल्यानं डॉक्टरांना विचारलं, “दोन्हींतलं कुठलं करू?” त्यांनी अर्धी गोळी लिहून दिली.

कौशल्यानं गादी जमिनीवर घातली, शाळेतून बिनपगारी रजा घेतली. तरी फेब्रुवारीत, ती भाताचा कुकर उतरवायला गेली तेवढ्यात, आई खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि कोसळली. खुबा मोडला. हृदय दुसरं ऑपरेशन सोसणार नाही, असं इस्पितळानं सांगितलं.

पाच आठवडे सकवारबाई अंथरुणावर होत्या. कूस बदलताना ओरडायच्या, आणि का दुखतंय हे दर वेळी विचारायच्या. कौशल्या दर वेळी सांगायची.

मार्चमध्ये त्या गेल्या. शाळेत परीक्षा सुरू होत्या. कौशल्या त्या वर्षी पेपर तपासायला गेली नाही.